दर दोन महिन्यांनी जंतनाशक पाजूनही मेंढ्या का दगावतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन एकर कुरण, ३० मेंढ्या, दर दोन महिन्यांनी सगळ्या कळपाला अल्बेंडाझोल. तरीही पाऊस सुरू झाल्यापासून चार कोकरे आणि दूध पाजणारी एक मेंढी गेली. हगवण नव्हती, ताप नव्हता, आदल्या दिवसापर्यंत चरत होती. फक्त जबड्याखाली मऊ सूज आली होती. आता औषध दर महिन्याला पाजावे, की बदलावे?

दर महिन्याला अजिबात पाजू नका. औषध बहुधा बदलावे लागेल, पण तेवढ्याने भागणार नाही. सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला पाजण्याची पद्धतच तुम्हाला इथवर घेऊन आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. का ते सांगतो, आणि या आठवड्यात काय करायचे तेही सांगतो.

हगवण नाही, डोळे फिके, जबड्याखाली सूज आणि चांगली दिसणारी मेंढी अचानक आडवी, हे सगळे एकत्र दिसले की पहिला संशय हिमॉन्कस कॉन्टॉर्टस या गोलकृमीचा. तो मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. रक्ताने भरलेले आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पीळ घालून असल्याने तिच्या अंगावर लाल-पांढरे पट्टे दिसतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. ऐकायला काहीच नाही. पण मेंढीत असे १,००० जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि १५ किलोच्या कोकरात एकूण रक्तच एक लिटरच्या आत असते. रक्ताबरोबर प्रथिनेही जातात, रक्तातले पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, मग ते जबड्याखाली साठते. ही सूज दिवसभर मान खाली घालून चरल्यावर वाढते आणि रात्रीतून उतरू शकते. म्हणून सकाळी वाड्यातून बाहेर काढताना पाहून "काही नाही" म्हणू नका, संध्याकाळी परत येताना हात लावून पाहा.

पुढे एखादे जनावर मेलेच तर लगेच शवविच्छेदन करून घ्या आणि चौथे पोट उघडून पाहायला सांगा. जंत नुसत्या डोळ्यांना दिसतात, पण उशीर झाला की ते कुजून जातात आणि निदान हातचे सुटते. मी हे आग्रहाने सांगतो, कारण अशीच सूज पर्णकृमींनी म्हणजे लिव्हर फ्लूकनेही येते, आणि त्याचे औषध वेगळे.

या आठवड्यात काय करायचे

सगळ्या ३० मेंढ्यांचे डोळे तपासा. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात यासाठी एक रंगतक्ता तयार झाला. डॉ. फ्रँकोइस उर्फ फाफा मालान यांच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात. खालच्या पापणीच्या आतल्या त्वचेचा रंग तक्त्यावरच्या पाच रंगांशी ताडून पाहायचा. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे जवळजवळ पांढरा.

पद्धत नीट करा, कारण चुका इथेच होतात. अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर ओढून डोळा झाका, बुबुळावर हलका दाब द्या आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतली त्वचा वर उसळते, तिचाच रंग पाहायचा. पापणी उघडी धरून बघत बसलात की रंग बदलतो, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्या. दोन्ही डोळे पाहा, फरक आढळला तर जास्त फिका तो खरा धरा. हे काम उघड्या उन्हात करायचे. गोठ्याच्या सावलीत किंवा बल्बखाली सगळेच डोळे फिके वाटतात. आणि तक्ता हातात हवाच. "मला रंग कळतो" असे म्हणणारे अनुभवी लोकही सलग वीस फिके डोळे पाहिल्यावर एकविसावा बरा आहे असे समजतात. हा तक्ता कसा वापरायचा ते पशुवैद्यकाकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. जुना झाला की रंग उडतो, तेव्हा बदला.

४ आणि ५ ला औषध लगेच. १ आणि २ ला देऊ नका. ३ चा निर्णय परिस्थितीवर: कोकरे, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मेंढ्या, अंगाने खंगलेली जनावरे यांना ३ वरही द्यावे. धडधाकट मोठ्या मेंढीला थांबून पुन्हा तपासले तरी चालते. कळपात ४ आणि ५ चे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले असेल, आणि तुमच्याकडे ते गेलेले असणार, तर या फेरीत ३ वाल्या सगळ्यांना द्या. उष्ण, दमट दिवसांत तपासणी दर दोन आठवड्यांनी करा, आजार ऐन भरात असेल तर दर आठवड्याला. कोरड्या दिवसांत महिन्याने चालेल.

५ वर असलेल्या मेंढीला पळवू नका. रक्तच इतके कमी असते की कळपामागे हाकलताना ती कोसळते. तिला जागेवर चारा-पाणी द्या, पेंडीसारखा प्रथिनयुक्त खुराक द्या, आणि अगदीच वाईट स्थिती असेल तर रक्त देता येते का ते पशुवैद्यकाला विचारा. जंत मेले तरी रक्त भरून यायला काही आठवडे लागतात. औषध दिल्यावर आठ दिवसांनी डोळे अजून फिकेच दिसले म्हणून लगेच पुन्हा डोस देण्याचे कारण नाही. सूज उतरली का, चरायला उठते का, ते पाहा.

आता तुमची शंका: बाकीच्यांच्या पोटातही जंत असतील, त्यांना मोकळे कसे सोडायचे? असतीलच. पण कळपात जंत सारखे वाटलेले नसतात. साधारण २० ते ३० टक्के मेंढ्यांच्या पोटात कळपातले ७० ते ८० टक्के जंत असतात. उरलेल्या बऱ्याच जणी थोडे जंत बाळगून निरोगी राहतात. आणि त्यांच्या पोटातले ते थोडे जंत तुमच्या उपयोगाचे आहेत. हा मुद्दा पचायला जड जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

औषधाला न जुमानणारे जंत तयार कसे होतात

कोणत्याही कळपात काही मोजके जंत असे असतातच की ज्यांच्यावर एखाद्या औषधाचा परिणाम होत नाही. सगळ्या मेंढ्यांना एकाच दिवशी औषध पाजले की औषधाने मरणारे सगळे जंत मरतात आणि हे मोजकेच उरतात. पुढचे दोन-तीन आठवडे कुरणावर अंडी पडतात ती फक्त त्यांची. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. म्हणजे असे काही शे जंत जरी वाचले तरी कुरण त्यांच्या संततीने भरायला वेळ लागत नाही. दर दोन महिन्यांनी तुम्ही हीच निवड पुन्हापुन्हा केली आहे. याउलट, काही मेंढ्यांना औषध दिलेच नाही तर त्यांच्या पोटातले, औषधाने मरणारे जंत अंडी घालत राहतात आणि निगरगट्ट जंतांची संख्या त्यांच्यात विरळ होते. कुरणावरच्या अळ्या आणि औषध न दिलेल्या मेंढ्यांतले जंत हा साठा जितका मोठा, तितके तुमचे औषध जास्त वर्षे टिकते.

ही भीती कागदावरची नाही. थायाबेंडाझोल हे तुमच्या अल्बेंडाझोलच्याच कुळातले पहिले औषध १९६१ मध्ये बाजारात आले. त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद १९६४ मध्ये झाली. मोनेपँटेल हे अगदी नव्या कुळातले औषध २००९ मध्ये आले, तर २०१३ मध्ये ते न चालणारे जंत शास्त्रज्ञांनी नोंदवले. नवे औषध येईल आणि आपल्याला सोडवील, या भरवशावर राहू नये ते यासाठी.

आणखी एक जुना सल्ला अजून सर्रास दिला जातो: औषध पाजा आणि लगेच स्वच्छ कुरणावर सोडा. वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. पण स्वच्छ कुरणावर मग फक्त औषधातून वाचलेल्या जंतांचीच अंडी पडतात. औषध दिल्यावर काही दिवस जुन्याच कुरणावर ठेवून मग हलवा, किंवा निदान दहा टक्के धडधाकट मेंढ्यांना औषध न देता सगळ्यांबरोबर हलवा.

तुमचे अल्बेंडाझोल चालते की नाही, हे कसे कळेल

लेंड्यांची तपासणी करा. अंदाजाने औषध बदलत राहण्यापेक्षा ही एक तपासणी स्वस्त पडते. १० ते १५ मेंढ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्या. जमिनीवरच्या उचलू नका. प्रत्येकीची वेगळी पिशवी, आतली हवा काढून बंद, वर क्रमांक. थंड ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा, कारण उबेत अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. गोठवूही नका. प्रयोगशाळा एका ग्रॅममधली अंडी मोजून देते. त्याच दिवशी या मेंढ्यांना वजनानुसार औषध द्या आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा त्याच मेंढ्यांच्या लेंड्या तपासा. लेव्हामिसोल हे दुसऱ्या कुळातले जंतनाशक दिले असेल तर सात दिवसांनी. आधीची सरासरी १,२०० होती आणि नंतर ६०० आली, तर औषधाने निम्मेच काम केले. घट ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रतिकार निर्माण झाल्याचा संशय धरायचा.

फक्त अंड्यांच्या आकड्यावर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कोवळे जंत रक्त पितात पण अंडी घालत नाहीत, त्यामुळे संसर्ग ताजा असताना मेंढी मरणाच्या दारात आणि अहवाल मात्र बरा, असे होऊ शकते. आकडा, डोळा आणि अंग तिन्ही एकत्र वाचा.

ही तपासणी होईपर्यंत ४ आणि ५ वाल्यांना थांबवून ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या कुळातले औषध पशुवैद्यकाशी बोलून निवडा. मुख्य जुनी कुळे तीन: अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, आणि आयव्हरमेक्टिन-मॉक्सिडेक्टिन. फेनबेंडाझोल घेतले म्हणजे औषध बदलले असे समजू नका, कूळ तेच आहे. क्लोझँटेल हे रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि पर्णकृमींवर चालणारे वेगळे औषध आहे आणि हिमॉन्कसवर त्याचा परिणाम टिकून राहतो. पण त्याच्या जास्त डोसाने मेंढ्या आंधळ्या झालेल्या आहेत, तेव्हा वजन केल्याशिवाय वापरायचे नाही. लेव्हामिसोलचेही तसेच: डोस जास्त झाला की लाळ गळते, अंग थरथरते. एकट्या औषधाने पूर्ण काम होत नाही असे आढळले तर दोन वेगळ्या कुळांची औषधे एकाच दिवशी, प्रत्येकाचा पूर्ण डोस देणे हे आलटून पालटून देण्यापेक्षा चांगले. एकाच सिरिंजमध्ये मात्र ती मिसळू नका.

डोस कमी पडतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही

कळपातल्या मेंढ्या साधारण ३० किलोच्या धरून सगळ्यांना तेवढेच पाजले, हे मी जवळपास प्रत्येक छोट्या कळपात पाहतो. ४२ किलोच्या मेंढीला मग तीन चतुर्थांशही डोस मिळत नाही. तिच्या पोटातले जंत मरत नाहीत, उलट औषध सहन करणाऱ्यांची निवड होते. शक्यतो प्रत्येकीचे वजन करा. ते नसेल तर वजनाचे गट पाडा आणि गटातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनावर डोस ठरवा. लेव्हामिसोल आणि क्लोझँटेलसाठी असा ढोबळ गट नको, तिथे वजनच हवे.

काटा नसेल तर टेपने काम होते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०, म्हणजे किलोत वजन. घेर ७५ आणि लांबी ६५ आली तर साधारण ३४ किलो. लोकर दाट असेल तर टेप दाबून धरा, नाहीतर वजन फुगते.

औषध जिभेच्या मागे, घशाजवळ सोडा, डोके फार वर न उचलता. तोंडात पुढेच सोडले तर औषध कोठीपोट म्हणजे पहिले मोठे पोट चुकवून सरळ चौथ्या पोटात जाऊ शकते आणि लवकर बाहेर पडते. अल्बेंडाझोलच्या कुळाचा परिणाम औषध पोटात किती वेळ राहते त्यावर असतो. म्हणूनच ही औषधे देण्याआधी १२ तास चारा बंद ठेवला तर ती जास्त चालतात. पाणी बंद करू नका, आणि शेवटच्या महिन्यातल्या गाभण किंवा अशक्त मेंढीला उपाशी ठेवू नका. तिला उपासाने वेगळाच धोका होतो. बाटली हलवून घ्या. पाजण्याच्या बंदुकीतून खरोखर किती मिलिलिटर येते ते दर वेळी मोजपात्रात सोडून पाहा. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. मटण आणि दुधासाठी किती दिवस थांबायचे ते लेबलवर असते, ते पाळा. शेळ्यांचे डोस वेगळे असतात, त्यामुळे शेळीवाल्या शेजाऱ्याचा हिशेब मेंढीला लावू नका.

कुरण

औषधाने पोटातले जंत मरतात, पण एकूण जंतांपैकी बहुतेक कोणत्याही दिवशी गवतावर असतात. लेंडीतून पडलेल्या अंड्यातून उष्ण आणि ओलसर हवेत पाच-सात दिवसांत संसर्ग करू शकणारी अळी तयार होते. ती दवाच्या, पावसाच्या पाण्यातून गवतावर चढते, पण फार उंच जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून पाच सेंटिमीटरच्या आत असतात. मेंढीने ती गिळली की साधारण तीन आठवड्यांत तिचीही अंडी सुरू.

या तीन आकड्यांवरून कुरणाचे सगळे नियोजन करता येते. गवत आठ-दहा सेंटिमीटरवर आले की मेंढ्या तिथून काढा. जमिनीलगत खुरटलेल्या कुरणावर मेंढी जितके गवत खाते तितक्याच अळ्या खाते, आणि तीन एकरांत ३० मेंढ्या कायम फिरत असतील तर तुमचे कुरण पावसाळ्यातही खुरटलेलेच असणार. एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे आज पडलेल्या अंड्यांच्या अळ्या होईपर्यंत कळप पुढे गेलेला असेल. मग परत कधी यायचे? गवताच्या सोयीने लोक तीन-चार आठवड्यांनी परत येतात, आणि नेमक्या तेव्हाच अळ्या भरपूर असतात. उष्ण हवेत अळ्या पटापट हालचाल करून अंगातला साठा संपवतात आणि लवकर मरतात, तिथे दोन महिन्यांच्या विश्रांतीने मोठा फरक पडतो. थंड हवेत त्या कित्येक महिने टिकतात.

तीन एकरांत दोन महिने विश्रांती देणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. त्यावर व्यवहार्य उपाय असे की एका तुकड्यावर गवत वाढवून कापून वाळवा आणि वाड्यात घाला, एखाद्या तुकड्यात पीक घ्या, किंवा मेंढ्यांच्या मागून गाय-बैल किंवा घोडा चारा. मोठ्या गुरांच्या पोटात मेंढीचे बहुतेक जंत टिकत नाहीत, त्यामुळे ती जनावरे अळ्या खाऊन संपवतात. शेळ्यांचा मात्र यासाठी उपयोग नाही, जंत दोघांचे तेच. झुडपांचा, झाडांचा पाला जमिनीपासून उंचावर खाल्ला जातो म्हणून अळ्या जवळजवळ नसतातच. तरीही हिशेब बसत नसेल तर मेंढ्या कमी करा. ३० अशक्त मेंढ्यांपेक्षा २० सशक्त मेंढ्या जास्त कोकरे जगवतात, आणि कमी करताना कोणत्या काढायच्या हे डोळ्यांच्या गुणांची नोंदवहीच सांगेल (ती कशी ठेवायची ते शेवटी आहे). वर्षातून तीन-चारदा औषध लागणारी मेंढी कुरण सगळ्यांसाठी खराब करते. जंत सहन करण्याचा गुण काही अंशी आनुवंशिक असतो. तेव्हा मेंढा निवडताना औषधाशिवाय टिकलेला, आणि जिच्यावर औषधाची वेळ क्वचितच आली अशा आईचा निवडा. पूर्व आफ्रिकेतल्या रेड मसाई मेंढ्या हिमॉन्कसला चिवट म्हणून ओळखल्या जातात, त्या अशाच निवडीतून घडल्या.

मेंढी कधी हरते

विण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे सहा-आठ आठवडे मेंढीची जंतांविरुद्धची ताकद घटते. लेंड्यांतली अंडी एकदम वाढतात, आणि ती नेमकी त्या कुरणावर पडतात जिथे कोवळी कोकरे पहिल्यांदा गवताला तोंड लावणार असतात. कोकरांना स्वतःची प्रतिकारशक्ती यायला कित्येक महिने लागतात. तुमच्या गेलेल्यांत कोकरे आणि दूध पाजणारी मेंढी आहेत, यात आश्चर्य नाही. या काळात मेंढीला प्रथिने कमी पडू दिली नाहीत तर अंड्यांची ही वाढ बरीच आवरते. त्यामुळे गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांचा खुराक हा जंतनियंत्रणाचाच भाग धरा. पाठीच्या कण्यावर हात ठेवून दर महिन्याला अंग तपासा. पाच गुणांपैकी तीनच्या आसपास हवे; इथे १ म्हणजे हाडाळ, ५ म्हणजे लठ्ठ. जन्मलेल्या कोकराला पहिल्या सहा तासांत किलोमागे ५० मिलिलिटर चीक मिळालाच पाहिजे.

नवीन आणलेली मेंढी थेट कळपात सोडू नका. दुसऱ्याच्या कुरणावरचे निगरगट्ट जंत पैसे देऊन विकत आणण्याचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे. आल्या दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या कुळांची औषधे द्या, दोन दिवस गवत नसलेल्या कोरड्या जागी ठेवा, तिथल्या लेंड्या कुरणावर टाकू नका आणि १४ दिवसांनी लेंड्या तपासा. मग सोडताना स्वच्छ तुकड्यावर नको, जिथे तुमच्या मेंढ्या चरून गेल्या आहेत तिथे सोडा. एकूण तीन-चार आठवडे वेगळे ठेवले तर खुरी (खुरांचा संसर्ग), खरूज, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) असे इतर रोगही दारातच कळतात.

बाकीचे परजीवी

तीन ते आठ आठवड्यांच्या कोकरांत काळसर किंवा रक्तमिश्रित हगवण, कुंथणे, शेपूट माखलेली, हे दिसले तर कॉक्सिडियाचा विचार करा. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे, आणि कोणतेही जंतनाशक त्याच्यावर चालत नाही. दाटी, ओले अंथरूण आणि लेंड्या पडलेली गव्हाण ही त्याची कारणे. टोलट्राझुरिल, डिक्लाझुरिल, अँप्रोलियम किंवा सल्फा औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत. गव्हाण उंच करा, पाण्याची भांडी रोज घासा, आणि महिन्याभराच्या फरकाने जन्मलेली कोकरे एकत्र कोंडू नका. मोठ्यांनी टाकलेले लहानांना बाधते.

कुरणात पाणथळ जागा, गोगलगायी असतील तर पर्णकृमींची तपासणी करून घ्या. यकृतातून पोखरत जाणारे कोवळे पर्णकृमी मारते ते ट्रायक्लाबेंडाझोल. अल्बेंडाझोल वाढीव डोसातही फक्त प्रौढ पर्णकृमींवरच चालते, ऑक्सिक्लोझानाइडही तसेच. पाणथळ भागाला कुंपण घालणे हा यावरचा सगळ्यात टिकाऊ उपाय. पट्टकृमीचे पांढरे तुकडे लेंड्यांवर दिसतात म्हणून लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. खरे तर त्याने फारसे नुकसान क्वचितच होते, आणि त्याच्यावर लक्ष केंद्रित करण्याच्या नादात न दिसणारा हिमॉन्कस निसटतो.

अंग घासणे, लोकर तुटून पडणे, खपल्या दिसल्या तर उवा की खरूज हे आधी त्वचा खरवडून तपासून घ्या. दोन्हींची औषधे एक नाहीत, आणि उपचार करायचा तर कळपातल्या प्रत्येक जनावरावर एकाच दिवशी. इथे जंतांच्या उलट नियम आहे: एक जरी सुटली तरी सगळे पुन्हा सुरू. घाण माखलेल्या शेपटीवर आणि जखमांवर माश्या अंडी घालतात, ती लोकर वेळेवर कातरा.

कळपाबरोबर कुत्रा असेल तर त्याचेही जंतनाशक चुकवू नका. प्राझिक्वांटेल, किलोला ५ मिलिग्रॅम. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अळी मेंढीच्या मेंदूत गाठ करते आणि मेंढी मान वाकडी करून गरगर फिरू लागते. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे कच्चे अवयव कुत्र्याला घालू नका आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

घरगुती उपायांबद्दल विचारणा नेहमी होते. लसूण, राख, डायटोमाइट माती यांनी हिमॉन्कस आटोक्यात येतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यांच्या नादात गेलेले दोन आठवडे ५ वरच्या कोकराला परवडत नाहीत. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो तर मुळीच पाजू नका. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि विषबाधेने ती मरते. तांब्याच्या तारेच्या बारीक तुकड्यांच्या कॅप्सूल हिमॉन्कसवर चालतात, पण त्याच कारणाने त्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून हिमॉन्कसवर लस मिळते, मात्र ती हंगामात पुन्हापुन्हा टोचावी लागते आणि सगळीकडे उपलब्ध नाही.

आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस मात्र चुकवू नका. चांगले पोसलेले कोकरू एका रात्रीत मेले तर सगळे खापर जंतांवर फोडले जाते, आणि कारण कित्येकदा आंत्रविषार असतो. पहिल्यांदा टोचताना दोन डोस, साधारण चार आठवड्यांच्या अंतराने, मग दर वर्षी. गाभण मेंढ्यांना विण्याआधी तीन-चार आठवडे दिली तर चिकातून कोकरांना संरक्षण मिळते. लंगडणाऱ्या मेंढीचे खूर खोलवर तासू नका, खुरीत त्याने जखम भरायला उशीर होतो. खूर स्वच्छ धुऊन दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात उभे करा आणि कोरड्या जागी सोडा.

एक वही आजच घाला. प्रत्येक मेंढीच्या कानातला क्रमांक, तारीख, डोळ्याचा गुण, वजन, कोणते औषध किती मिलिलिटर. पुढच्या पंधरवड्याला तपासणी झाली की ४ आणि ५ वर किती राहिल्या आणि लेंड्यांचे दोन्ही अहवाल काय आले ते कळवा. कोणते औषध ठेवायचे आणि कोणत्या मेंढ्या काढायच्या, हे त्या आकड्यांवरून ठरवू.